उघड्या मुळांच्या मॅडम

यशोधरा मॅडमना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या बसायच्या टोकावर, एस.टी. कधीही सुटेल अशा बेतानं. आणि बसल्या तरी बोटं चालूच. टेबलावर, स्वतःच्या मांडीवर, बोलताबोलता समोरच्याच्या मनगटावरसुद्धा. मला वाटायचं, आपण बोलतोय ते सगळं या बाईंची बोटं टाईप करून घेत आहेत आणि उद्या आपल्या चुकांखाली लाल रेघा मारून कागद परत देणार आहेत.

घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वर, त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं तिथं वळली. माझे बाबाही तिथं जायचे, पण शिकायला नाही, पत्रकं सांगायला. शेतमजूर बायकांची मजुरी, वस्तीतली विहीर, वसतिगृहातलं जेवण, ज्यावर कोणी बोलत नव्हतं त्यावर बाबांचं पत्रक निघायचं. बाबा उभ्यानं सांगायचे, मॅडम मशिनीवर सायक्लोस्टाईलची स्टेन्सिल कापायच्या. मी बाकाखाली बसून चुकलेल्या स्टेन्सिलच्या कागदांवर अक्षरं गिरवायची. बालगीतांच्या आधी मला 'जाहीर निषेध' लिहिता यायला लागलं.

बाबांचं प्रत्येक पत्रक 'बंधूंनो' असं सुरू व्हायचं आणि प्रत्येक वेळी मॅडमची बोटं तिथंच थांबायची.

"अन बहिणी कुठं गेल्या, भाऊ?"

"मॅडम, बंधूंमध्ये बहिणी येतातच."

"कुठून येतात? मले तं जिन्यावर कोणी दिसून नाई राह्यल्या."

बाबा हसायचे आणि 'बंधू-भगिनींनो' म्हणायचे. पुढच्या वेळी परत विसरायचे. मॅडम परत थांबायच्या. या एका शब्दावर दोघांनी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि दोघांपैकी कोणीही कंटाळलं नाही.

मग कॉम्प्युटर आले. टायपिंगच्या परीक्षा त्याच्यावर गेल्या, मशिनी भंगारात गेल्या. मॅडमनी एकच ठेवली. लांबलचक हॉल रिकामा झाला. उत्तरेकडच्या खिडक्या तेवढ्या राहिल्या, आणि मुलांना दप्तरं टांगायला म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली तार. मॅडम त्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालायच्या. खाली औषधवाले भाऊ म्हणायचे, "मॅडम, माह्या डोक्यावरून दिवसभर बैलगाडी जाऊन राह्यली."

अशात त्यांच्या नागपूरच्या भाचीनं एक ऑर्किड आणून दिलं. जांभळ्या फुलांचं, आणि कुंडी नाही, माती नाही. लाकडी पट्ट्यांच्या छोट्या टोपलीतून हातभर लांब मुळं नुसती हवेत लोंबत होती. भाची म्हणाली, याला असंच ठेवायचं. मॅडमनी ते तारेला टांगलं, त्याच्याभोवती फेरी मारली आणि म्हणाल्या, "बाप्पा! हे तं आपल्या आंब्यावरचं हाय."

त्यांच्या गावच्या वाटेवर एक जुना आंबा होता. शाळेला चालत येताना त्या त्याच्या सावलीत थांबायच्या. त्याच्या फांदीवर अशीच जाड पानं आणि अशीच उघडी मुळं होती. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला पिवळट, तपकिरी चौकड्यांची फुलं यायची, मधली पाकळी निळीजांभळी. पुस्तकात त्याला रास्ना म्हणतात. आमच्याकडे झाडावर जे काही उगवतं त्याला सरसकट बांदा म्हणतात आणि कोयत्यानं उतरवतात. बांदा झाडाचं रक्त पितो, असं सगळ्यांना माहीत असतं. मॅडमना मात्र हे बांदा नसल्याचं आता कळलं होतं. हे झाडाचं काही खात नाही, नुसतं त्याच्या अंगावर बसून हवा आणि ओल पितं. कळलं म्हणजे तालुक्याला सांगायलाच हवं. त्या ग्रामसेवकाला सांगत, कंडक्टरला सांगत, भाजीवालीला सांगत.

पहिलं जांभळं झाड त्यांनी मारलं. हात स्वस्थ नव्हता ना! येताजाता पाणी. सकाळी, दुपारी, भाजी निवडताना, फोनवर बोलताना. मुळं मऊ पडली, पानं गळली. भाचीनं दुसरी दोन-तीन आणून दिली, तेव्हा मॅडमनी स्वतःला शिस्त लावली, आणि ती शिस्त फक्त त्यांनाच सुचू शकली असती. सकाळी मुळं पाण्याच्या बादलीत सोडायची आणि उरलेल्या मशिनीवर एक पान टाईप करायचं. पान संपलं की झाड बाहेर. आधी नाही, नंतर नाही. कोरडी मुळं राखाडी, चांदीसारखी असतात. पाणी प्यायली की हिरवी होतात. पान संपेपर्यंत ती हिरवी झालेली असायची. मग झाड तारेला टांगायचं, पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी जुन्या सुती फडक्याच्या टोकानं टिपून घ्यायचं, कारण तिथं पाणी राहिलं की झाड मधूनच कुजतं. आणि मुळं परत चांदीची होईपर्यंत हात लावायचा नाही. "पाजनं कोनालेही येते," त्या म्हणायच्या, "वाळू देनं शिकाव लागते."

पान कसलं टाईप करायच्या? अर्ज. नगरपंचायतीला, बांधकाम खात्याला, महामंडळाला. गटार, पथदिवा, बसथांब्याचं छप्पर. घाटंजीतली बरीचशी दुरुस्ती ही ऑर्किडला पाणी पाजताना झालेली आहे, हे गावाला माहीत नाही.

पाण्यावरून मी एकदा त्यांच्याशी भांडले. मी तेव्हा नुकतीच लिहायला लागले होते आणि मला सगळीकडे प्रश्न दिसायचे. वस्तीत बायका टँकरपुढे उभ्या आहेत आणि तुम्ही बादलीत फुलझाडं डुंबवताय?

"नळाचं पाणी मी यायले देतच नाई," मॅडम म्हणाल्या. "ते मानसायचं हाय. अन लय खारं हाय. मुळायवर पांढरा थर बसते, किटलीत बसते तसा."

मग त्यांनी मला दाखवलं. गच्चीच्या टिनांवरून पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये उतरवलेलं होतं. ते संपलं की खालच्या दुकानाच्या एसीच्या नळीखाली त्यांचा डबा असायचा. औषधवाले भाऊ ओरडायचे, "मॅडम, एखाद्या दिवशी माह्या एसीची नळी चोरीले गेली तं पोलिसायले तुमचाच पत्ता देईन!" मॅडम जिन्यावरूनच उत्तर द्यायच्या, "द्या ना. येताना डबा घेऊन या म्हना." झाडं न्हाली की तेच पाणी मागच्या कढीपत्त्याला. मी बादली उचलून कढीपत्त्यात ओतून आले. माघार घेणं तसं माझ्या स्वभावात नाही.

मग मॅडमच्या गावाकडचा रस्ता रुंद व्हायला निघाला. दोन्ही बाजूंची झाडं जाणार, त्यात तो आंबाही. मी पत्रक लिहिलं. रात्रंदिवस पेटून लिहिलं, छापलं, बाजारात वाटलं. मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"काय वं पोरी, तुह्या सगळ्या ओळी 'पाहिजे'वर काहून संपून राह्यल्या? झाड वाचलं पाहिजे, अधिकाऱ्यांनी उत्तर दिलं पाहिजे, जनतेनं जागं झालं पाहिजे. तू काय करून राह्यली, ते कोनत्या ओळीत हाय?"

आम्ही कार्यालयासमोर बसलो. मॅडम बसल्या नाहीत, बसणाऱ्यांच्या मागं फेऱ्या मारत राहिल्या. निवेदन घेतलं गेलं, चहाही विचारला गेला आणि आंबा पडला. मी तिथं पोचले तेव्हा मॅडम आडव्या खोडावर चढून फांदीवरून मुळं सोडवत होत्या. सालीचे तुकडे मुळांना चिकटून येत होते. झाडं पाडणारा मशीनवाला इंजिन चालू ठेवून वाट पाहत होता. माझा राग अनावर झाला. म्हणाले, अहो, एवढं मोठं झाड गेलं आणि तुम्ही त्याच्यावरचं एक रोप घरी नेताय? जाब कोण विचारणार?

"दोन्ही करू ना," त्या खोडावरूनच म्हणाल्या. "दोन हात घेऊन आली ना तू जन्माले? हे धर एका हातानं."

ते रोप हॉलमधल्या तारेवर आलं. मॅडमनी तेव्हाच सांगून टाकलं, "हे इथं राहाले नाई आलं. हा दवाखाना हाय. बरं झालं की झाडावर जाईल." भाचीची जांभळी झाडं शोभेची. ती घरातलीच होती. पण आंब्यावरचं हे रोप त्यांना परत झाडावर पाहायचं होतं. नाहीतर, त्या म्हणायच्या, त्या आंब्याचं या जगात काहीच राहिलं नाही. तुटलेल्या मुळांतली बरीच वाळून गेली, पण राहिलेल्यांनी दम धरला. थंडी संपता संपता एका मुळाचं टोक पोपटी झालं आणि मॅडमच्या अर्जांची भाषासुद्धा मऊ झाली.

तेव्हाच त्यांच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू कधीचा पिकलेला होता. ऑपरेशनला नागपूरला भाचीकडे जायचं ठरलं. झाडं कोण पाहणार? त्यांचे थोरले भाऊ कवडूमामा. मॅडमचे भाऊ म्हणून आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. कवडू आणि यशोधरा. एकाच आईची मुलं, पण दोघांच्या नावांच्या मधोमध धम्मदीक्षा झाली होती. मामा कापसाचे शेतकरी. बोलायला धीमे, चालायला धीमे. मी पायरी उतरतो तेवढ्यात बहीण जिना उतरते, असं तेच म्हणायचे.

मॅडमनी त्यांना सगळं समजावलं. बादली, फडकं, चांदीचा रंग, हिरवा रंग. टाईप येत नाही म्हणून पानाऐवजी एक चिलीम ओढायची, असंही ठरलं. मामा मान हलवत राहिले.

नागपूरला काम लांबलं. एका डोळ्यानंतर दुसराही करून घ्या, म्हणाले. मॅडम परतल्या तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. मी त्यांना स्टँडवरून आणायला गेले. काळा चष्मा, हातात पिशवी, आणि जिना चढतानाच नाक वर करून त्या थांबल्या.

"ओल्या मातीचा वास काहून येऊन राह्यला?"

हॉलमधली तार रिकामी होती. खिडकीखाली तेलाचे पिपे रांगेनं मांडले होते. त्यात काळीभोर माती, आणि मातीत छातीपर्यंत पुरलेली सगळी झाडं. मामा कोपऱ्यात उभे होते, घरात पाहुणे यावेत तसे खुश.

"यशू, सगळ्यायले बसवून टाकलं जमिनीत. माह्याच वावरातली माती हाय. एस.टी.नं आनली, थैल्या भरभरून. आता कोनाचं मूळ उघडं नाई."

 मॅडमची बोटं थांबली होती. मला ते पाहून भीती वाटली.

त्या खाली बसल्या. जमिनीवर, मांडी घालून. चष्म्यातून धड दिसत नव्हतं, डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं बजावलेलं. त्यांनी पहिला पिपा कलता केला, झाड ओढून काढलं, आणि मुळं एकेक करून बोटांत धरायला लागल्या. टायपिंगवाल्यांना कळा बघाव्या लागत नाहीत. टणक लागलं ते मूळ सोडून द्यायच्या. मऊ लागलं, दाबल्यावर साल सुटून आत नुसता दोरा राहिला की म्हणायच्या, "काप." ब्लेड माझ्या हातात होतं. प्रत्येक झाडाला मी ते दिव्यावर धरायची, कापायची आणि कापल्या जागी हळद दाबायची. "काप. हेही काप. हेही." जांभळ्या झाडांना काहीच उरलं नाही. खोडापर्यंत सगळं कुजलं होतं.

मामा कोपऱ्यातून पुढं आले. त्यांना आता समजलं होतं.

"मी तं चांगल्यासाठीच केलं, यशू."

"माहीत हाय मले. म्हनूनच तुले शिव्या देता येऊन नाई राह्यल्या."

"उघडी मुळं लटकून राह्यली होती, माय! माह्यानं पाहवे नाई." मामांचा आवाज चढला. तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आपल्या बापाचा जनम दुसऱ्याच्या वावरात गेला. आपल्या घरात माती याले किती पिढ्या लागल्या, तुले माहीत नाई? अन तू जित्या झाडायले मातीपासून तोडून दोरीवर वाळू घालतं?"

 माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीवर एक पत्रक तयार असायचं, या एका गोष्टीवर नव्हतं. दोघंही खरं बोलत होते.

मॅडमच्या हातात आंब्यावरचं रोप होतं. बोटं त्याच्या बुडाशी फिरत होती. "माती आपल्याले पायजे होती, भाऊ," त्या हळू म्हणाल्या. "याले नाई पायजे. याले कोनी इचारलंच नाई." मग बोट एका जागी थांबलं. "हे ठेव. हे टनक हाय."

एकच मूळ वाचलं होतं, करंगळीएवढं.

तो उन्हाळा मी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये असं म्हणेन. एका मुळाचं झाड बादलीत सोडता येत नाही. पीत नाही, नुसतं कुजतं. ते सावलीत टांगायचं, खाली पसरट घमेल्यात पाणी ठेवायचं, खिडकीला ओलं पोतं लावायचं आणि हवेतून जेवढी ओल त्याला घेता येईल तेवढी घेऊ द्यायची. वीज जायची, पंखा थांबायचा, पोतं तासाभरात कोरडं. मॅडम पोतं भिजवायच्या, फेऱ्या मारायच्या, परत पोत्याला हात लावून पाहायच्या. पाणी पाजायचं नव्हतं म्हणून पान टाईप करायचं नव्हतं. मशिनीवर कापड झाकलेलं. पानांना सुरकुत्या पडल्या. खालचं एक पान पिवळं पडून गळालं.

"टाकून देऊ का हे?" एकदा त्यांनी मला अचानक विचारलं.

मी म्हणाले, मॅडम, तुम्ही असं विचारता?

"मी नाई इचारून राह्यली. हात इचारून राह्यले. कामच नाई त्यायले." आणि त्या परत पोत्याकडे गेल्या.

दर बाजाराच्या दिवशी मामा यायचे. आत नाही. उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहायचे. "कसं हाय?" "हाय." एवढंच. मग पिशवीतून वांगी, नाहीतर कैऱ्या उंबऱ्यावर ठेवून जायचे. मॅडम त्या वांग्यांची भाजी करायच्या, पण त्यांना आत या म्हणायच्या नाहीत. मला ते असह्य व्हायचं. एकदा मीच म्हणाले, मामा, आत या ना. मामा म्हणाले, "तिनं म्हनलं पायजे, बाई."

उन्हाळा उतरत आला होता. आकाश भरून यायचं आणि न पडता जायचं. मामा नेहमीसारखे पायरीवर उभे होते. पण या वेळी "कसं हाय" म्हणाले नाहीत. मान वाकडी करून ते तारेकडे बघत होते. कापसाच्या पानाखालची अळी चालता चालता ओळखणारे डोळे ते.

"यशू. त्याच्या बुडाशी काय हाय ते? हिरवं?"

मॅडम उठल्या. चष्म्याचा नवा नंबर अजून व्हायचा होता. झाडाजवळ डोळे नेले, पण दिसलं नाही. हात वर गेला. सवयच ती, बोटांनी बघायची. आणि हवेतच थांबला. नवं मूळ इतकं नाजूक असतं की बोट लागलं तरी टोक मोडतं, आणि मोडलेलं टोक वाढत नाही. हे त्यांनीच मला सांगितलेलं होतं.

हात तसाच वर धरून त्या म्हणाल्या, "आत ये भाऊ. नीट पाहून सांग."

मामांनी चपला काढल्या. आत आले, हात पाठीमागं बांधून झाडाजवळ वाकले, जसं पोरं शाळेत प्रयोगाजवळ वाकतात.

"मूळ हाय. नवं. गहवाच्या दान्याएवढं," मामा म्हणाले. मग आणखी खाली वाकून, "दोन हायेत, यशू."

मॅडमनी मशिनीवरचं कापड ओढून काढलं आणि उभ्यानंच टाईप करायला सुरुवात केली. कागद लावलेला नव्हता.

पावसाळ्यात ते रोप मामांच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याला बांधलं. जागा मामांनीच निवडली. सकाळचं ऊन, दुपारची सावली, पाणी वाहून जाईल अशी तिरपी फांदी. आयुष्यभर ज्यांनी कोयता घेऊन झाडावरचं असलं सगळं उतरवलं होतं, त्यांनी शिडीवर चढून मॅडमच्या जुन्या सुती लुगड्याची चिंधी फांदीभोवती गुंडाळली. खालून मॅडम ओरडत होत्या, "आवळू नको! ते चोर नाई हाय!" गड्यांना मामांनी ताकीद दिली, या झाडावर कोयता लागला तर माझ्या नावानं लागला समजा.

थंडीत मॅडमनी हॉल सोडला. भाची नागपूरला बोलवत होती. एका डोळ्याचं पुरतं सुधारलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं धुऱ्यावर गेलो. कापूस फुटलेला होता, बाया वेचत होत्या. मॅडमना एका जागी उभं राहवत नव्हतं. आंब्याला वळसा, परत वळसा. बोटं ओच्यावर चाललेली.

मामा शिडीवर चढले. चिंधी सोडायची होती. मुळांनी फांदी धरली असेल तर रोप राहील. नसेल तर हातात येईल. याच्यापलीकडे सांगायचं काही नव्हतं. खालून मला पानांत काही दिसत नव्हतं. मॅडमना तर फांदीच धड दिसत नव्हती.

मामांनी गाठ सोडली. चिंधी वाऱ्यावर तरंगत आली आणि वेचणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर पडली. ती हसली.

"पडलं का?" मॅडमनी विचारलं.

वर मामा फांदीवर ओणवे झाले.

"भाऊ, पडलं का म्हनते मी!"

"नाई." मामा म्हणाले. "सालीत बसलं हाय. हलत नाई."

"मग हात लावू नको आता. खाली उतर."

मामा उतरले. त्यांचे डोळे ओले होते. मॅडमनी ते पाहिले की नाही माहीत नाही, कारण तोपर्यंत त्या वळून धुऱ्यानं भराभर चालायला लागल्या होत्या, एस.टी. सुटते म्हणून. एस.टी.ला अजून पुष्कळ वेळ होता. चालता चालता मागं न बघता त्या मलाच ओरडून सांगत होत्या, "इथल्या बसथांब्याले छप्पर नाई, पाह्यलं का तू? बाया उन्हात उभ्या राहून राह्यल्या. लिव ना त्याच्यावर. अन 'पाहिजे' नको लिवू!"